इचमणी

मार्चमध्ये शाळा सकाळची झाली की गावाची दुपार लांबते. जेवणं उरकतात, ताटं पालथी पडतात, कुत्री ओट्याखाली शिरून जिभा बाहेर काढतात, आणि गिरणीचा पट्टा तेवढा कुठंतरी फटफटत राहतो. राहीबाई मागाच्या खड्ड्याशेजारी वाकळ टाकून कुशीवर झाली आहे. डोळे जड झालेत, पण मिटत नाहीत.

खड्डा घोंगड्यांच्या मागाचा. सांगरांच्या या घरात तो चुलीइतकाच जुना. त्यात पाय सोडून सासरा विणायला बसायचा, मग नवरा बसला, आणि नवऱ्यामागं कुणीच बसलं नाही. मुलगा आणि सून इचलकरंजीला यंत्रमागावर असतात. खड्ड्यात आता लोकरीचं एक जुनं पोतं आणि थोडा अंधार, एवढंच राहतं. राहीबाईच्या हाताशी नात झोपली आहे. आरोही तिचं नाव, घरात आरू. दुसरीत आहे. एक हात डोक्याखाली, एक पाय भिंतीवर टेकवलेला, असं ते पोर झोपतं.

दोघींच्या पायांशी सारवलेल्या जमिनीवर चिंचोके मांडलेले आहेत. या घरात चिंचोके पोत्यानं असत. ते भिजवून, वाटून, शिजवून लोकरीच्या ताण्याला खळ द्यायची, तेव्हा घोंगडं ताठ उभं राही. माग थांबला, चिंचोके उरले. आरूनं त्यांचा शब्द मांडलाय. शेजारी मॅडमनं दिलेलं कार्ड आहे, वर चिमणीचं चित्र आणि खाली तिचं नाव. कार्डाकडं बघत आरूनं च मांडला, म मांडला, वेलांटीसकट णी मांडला. च च्या आधी मात्र वीतभर जमीन कोरी.

"इथं काय गं?" राहीबाईनं जेवताना विचारलं होतं.

"तिथं एक हाय," आरू म्हणाली होती. "पण ते मला फसवतंय."

छपराच्या पत्र्याला भोक आहे. तिथून पडलेला कवडसा हळूहळू त्या कोऱ्या जागेकडं सरकतो आहे. राहीबाई त्याच्याकडं बघते. झोप पापणीपर्यंत येते आणि कालचं बोलणं तिला परत ढकलतं.

काल मॅडम आल्या होत्या. गौतमी मॅडम, पुण्याच्या. वाचायला अडखळणाऱ्या लहान पोरांवर त्यांचं संशोधन चाललंय. ओट्यावर बसून, लिंबाचं सरबत नको म्हणून, मग दोन पेले पिऊन, त्यांनी आरूसमोर हेच कार्ड धरलं. आरूनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "इचमणी."

राहीबाईच्या हातातलं सूप तसंच हवेत राहिलं. हा शब्द तिनं लहानपणानंतर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"बघितलंत आजी, किती नीट बघते ही?" मॅडम म्हणाल्या.

"नीट? चुकली की ती."

"चुकली. पण जे आधी दिसलं ते तिनं आधी म्हटलं. पहिली वेलांटी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. आपल्याला सवय झालीय, म्हणून खटकत नाही. आम्ही पोरांच्या अशाच चुका गोळा करतोय."

"चुका गोळा करता? मग गावभर फिरा. पोत्यानं मिळतील."

मॅडम खळखळून हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. एका गावात पोरांना नेहमीसारखंच शिकवायचं, फक्त जास्त वेळ. इथं मात्र रोज अर्धा तास चारचारच पोरं घेऊन बसायचं. आधी टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडायचे, आवाज कानाला ओळखू द्यायचे, आणि मग अक्षराला हात घालायचा. कुठल्या पोरांना जास्त उपयोग होतो ते शेवटी ताडून बघायचं.

"म्हंजे माझ्या नातीवर प्रयोग."

"हो, प्रयोगच. पण सुई नाही, औषध नाही. टाळ्या, गोष्टी आणि तुमच्या घरचे चिंचोके."

"माझी नात मठ्ठ न्हाई."

"मठ्ठ असती तर मी आलेच नसते, आजी. आत्ता धरलं तर सुटतं हे. थांबलो तर पोरं वाचायचं टाळायला शिकतात, आणि ते फार लवकर शिकतात." मॅडम उठल्या. "उद्या पाचपर्यंत मी शाळेच्या वऱ्हांड्यात आहे. सगळी पोरं एकदम सुरू करायची असतात, नंतर नवं मूल घेता येत नाही. तुमची सही लागेल, एवढंच."

सही राहीबाईला येते. साठीला आल्यावर ती प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकली. एसटीची पाटी वाचते, रेशनचा फलक वाचते. फक्त पहिली वेलांटी समोर आली, की उंबऱ्याला ठेच लागावी तशी तिची जीभ थांबते. सही ती नुसती 'राही' अशी करते, आणि त्या नावात ती वेलांटी नाही याचं तिला बरं वाटतं.

कारण अक्का.

चांगुणा तिची थोरली बहीण. पटावर पोरींची नावं हवीत म्हणून गुरुजी दारोदार हिंडत होते, तेव्हा बाप म्हणाला, एकीला घालून बघू. चांगुणाला घातलं. पाटी फुटली, नवी आली, पण चिमणी समोर आली की ती ठासून म्हणायची, इचमणी. वर्ग हसला. नाव पडलं. इचमणी आली, इचमणी गेली. पाच वर्षांच्या राहीला मात्र ते खरंच एक पाखरू वाटलं. तिनं विचारलं, अक्का, इचमणी कसली असती गं? अक्का म्हणाली, चिमणीसारखीच असती, पण तिची सावली आधी उतरती आणि मग ती.

तेव्हापासून दोघींची ती बोली झाली. मिरचीला इमरची, पिठल्याला इपठलं. आई ओरडायची, नीट बोला, जीभ वाकडी होईल.

मग गावात देवी आल्या. राहीला मामाच्या गावी धाडलं. ती परत आली तेव्हा घरात अक्काचं परकर-पोलकं नव्हतं, पाटी नव्हती आणि अक्काही नव्हती. आई सांगायची, पोरगी शेवटी एकच घोकत होती, इचमणी, इचमणी. अक्षरं डोक्यात उलटी शिरली आणि त्यांचाच ताप झाला. बाप म्हणाला, पोरींना अक्षर सोसत नाही. राहीच्या हातात पाटी आलीच नाही.

आणि काल तोच शब्द आरूच्या तोंडून आला.

म्हणून राहीबाईनं ठरवलंय, आरूलाही सांगून टाकलंय. जायचं नाही. पाच वाजतील, मॅडमची गाडी जाईल. आरूला वाचता यायचं नाही, पण पोर वाचेल.

कवडसा कोऱ्या जागेवर येतो. ती जागा वीतभर होती, आता हातभर आहे. आता ती अंगणाएवढी आहे. त्या उजेडावरून एका पाखराची सावली फडफडत जाते. राहीबाई वर बघते. वर पाखरू नाही.

"बारके, सरक की. मला बसायला जागा दे."

आवाज खड्ड्यातून येतो. मागाच्या खड्ड्यात, जिथं सासरा पाय सोडून बसायचा, तिथं एक पोरगी काठावर कोपरं टेकून उभी आहे. अंगात जांभळा परकर आणि पोलकं. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली.

"कोण गं तू?"

"कोण म्हणून इचारतीस व्हय? मी आधी आले, तू नंतर आलीस."

"अक्का," राहीबाई म्हणते. नातीएवढ्या पोरीला अक्का म्हणताना तिची जीभ जराही अडत नाही.

अक्का तिला निरखून बघते. नाक मुरडते. "किती गं म्हातारी झालीस! दात कुठं ठेवलेस?"

"पडले."

"समदे?"

"दोन दाढा हायत."

"आईला सांगू नको. वराडंल." अक्का हात पुढं करते. हात गरम आहे, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा. "ये खाली. उशीर झालाय."

"कशाला?"

"शाळंला."

राहीबाई खड्ड्यात पाय सोडते. तळ लागत नाही. खाली पायऱ्या आहेत, विहिरीला असतात तशा, शेवाळलेल्या. अक्का पुढं, ती मागं. पाण्याचा वास येतो, मग खडूचा वास येतो, आणि शेवटची पायरी म्हणजे शाळेचा वऱ्हांडा असतो. पोरं ओळीनं बसली आहेत, सगळ्यांची पाठ इकडं. राहीबाई पहिल्या ओळीत बसते. तिचे गुडघे दुखतात, मांडी घालता येत नाही, तर ती पाय लांब करून बसते आणि तिचे भेगाळलेले पाय फळ्यापर्यंत पोचतात. फळ्यापाशी टोपी घातलेले गुरुजी आहेत. टोपीखाली जे असायला पाहिजे ते नाही. त्यांच्या हातात मॅडमचं कार्ड आहे.

"वाच," टोपी म्हणते.

"माझी सही येती मला," राहीबाई म्हणते. "ती बघा की."

"वाच."

पोरं वाचू लागतात. इचमणी, इचमणी. आधी हळू, मग सगळी एकसुरात, आणि मग ती पोरं नसतात, यंत्रमाग असतात, ओळीनं लावलेले, इचलकरंजीच्या लांबलचक शेडमधले. धोटे इकडून तिकडं धावतात. इच्-मणी, इच्-मणी, इच्-मणी. कानाचे पडदे थरथरतात. प्रत्येक मागावर कोरं कापड उतरतं आहे आणि त्यावर कुणाचंही नाव नाही. मागांच्या मधून अक्का धावते. एक वेणी सुटलेली, परकर आवळून धरलेला.

"अक्का, थांब! पोरगं कापलं जाईल असल्यात!"

"मी कशानं कापली जाईन आता?" अक्का मागं न बघता म्हणते.

शेडच्या शेवटाला दार आहे. दारावर घोंगडं टांगलेलं आहे. काळं, जाड, सासऱ्याच्या हातचं नव्हे, बापाच्या हातचं. राहीबाईला ते वासावरून कळतं. वर कडुलिंबाचे डहाळे खोचलेत. ती घोंगडं बाजूला सारते.

आत अंधार आहे. सगळा आवाज घोंगड्याबाहेर राहतो. या घरात फोडणी दिलेली नाही, केर काढलेला नाही, कुणी मोठ्यानं बोलत नाही. राहीबाई हातानं चाचपत जाते. पाल्यावर निजलेलं अंग हाताला लागतं. ताप एवढा, की हात मागं घ्यावासा वाटतो. ती घेत नाही.

"इचमणी," अक्का अंधारातून म्हणते. "इचमणी."

"आली व्हती गं. मघाशी सावली बघितली मी."

"पाखरू न्हवं."

"मग?"

"इचमणी. कोनाड्यातली. काडी लावून दे की."



चिमणी. पत्र्याची, बुडाशी रॉकेल, वरच्या नळीतून वात. दिवेलागणीला घरोघर लागायची ती चिमणी. स्वतः तिनं हजार वेळा पुसली असेल, वात कातरली असेल, काजळीनं बोटं काळी केली असतील. पाखराला चिमणी म्हणतात आणि त्या दिव्यालाही चिमणीच म्हणतात. जन्मभर ती पाखरूच शोधत राहिली.

"देवीच्या आजारात उजेड डोळ्यांस्नी सोसत न्हाई म्हणून चिमणी बाहेर नेली," अक्का म्हणते. तिचा आवाज बारीक आहे, तक्रारीचा नाही. नुसता सांगण्याचा. "दारावर घोंगडं टाकलं. मला काळोखाचं लई भ्या वाटायचं, तुला ठावं हाय. म्हणून मी मागत हुते. आई रडायची. म्हणायची, अक्षरं बडबडती पोर."

"मग नीट चिमणी म्हणायचं न्हाईस व्हय, अक्का? सरळ म्हणायचं. कुणी बी दिली असती."

"त्यांच्याकडं कुठं मागत हुते? तुझ्याकडं मागत हुते. आपल्या बोलीत. मला वाटलं, तू दाराशी हायस."

 पाल्याची सळसळ होते. राहीबाईला रडू येत नाही. सत्तरी गाठलेलं तिचं अंग पाच वर्षांचं होऊन मामाच्या घरी, शेळ्यांच्या गोठ्यात, मजेत खेळत बसलेलं तिला दिसतं.

"अक्षरानं तुला खाल्लं न्हाई तर," ती अखेर म्हणते.

"अक्षराला दात असत्यात? तुझ्यापरीस बरं हाय मग त्याचं." अंधारात अक्का हसते. ताप असलेल्या माणसाचं कोरडं हसू. "सुताराची दोन्ही गेली. ती कवा पाटीला शिवली हुती? तराळाची ठकी गेली. तिला कुणी शाळंत घातलं हुतं?"

हे राहीबाईला ठाऊक आहे. हे तिला कायम ठाऊक होतं.

"तू वाचली न्हाईस, अक्का."

"कंचं वाचणं म्हणतीस?"

"दोन्ही."

"ते व्हय," अक्का म्हणते. "दोन्ही राहिलं."

आणि मग पलीकडून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, दुसरा आवाज येतो. झोपेतला, चिरका, राहीबाईच्या रोजच्या ओळखीचा. "इचमणी," तो म्हणतो. "इचमणी." तिथंही एक घोंगडं टांगलेलं आहे.

"ती बी मागतीया," अक्का म्हणते. "तिच्या दाराशी कोण हाय?"

"मी हाय."

"मग लाव की. बघतीस काय?"

राहीबाई भिंत चाचपते. कोनाडा सापडतो. चिमणी सापडते, थंडगार, हातात मावेल एवढी. काड्यापेटीही सापडते. ती काडी ओढते आणि काडी विझते. दुसरी ओढते. तीही विझते.

"आधी नाव घे तिचं," अक्का म्हणते. "नाव घेतल्याबिगर लागत न्हाई."

"इ…" राहीबाई सुरुवात करते, आणि काडी हातातच विझते.

"तसं न्हवं. मला बी आत्ता कळलंय, म्हणून सांगते. आधी तिची जागा सोड. तिथं कोण न्हाईच असं समज. मग च म्हण. आणि मग मागं वळून बघ."

"गेलेल्या माणसाकडं मागं वळून बघू नये म्हणत्यात."

"हितं बघावं लागतं."

राहीबाई समोरच्या काळोखात थोडी जागा सोडते. वीतभर. तिथं कुणी नाही असं समजायला तिला वेळ लागतो. मग ती म्हणते, "च." आणि वळते.

मागं अक्का उभी आहे. निजलेली नाही, उभी. तिच्या ओंजळीत चिमणी पेटलेली आहे, ज्योतीचं टोक काळा धूर सोडतं आहे, आणि तिच्या तोंडावर एकही व्रण नाही.

"चि," राहीबाई म्हणते.

"हां. आता मांड."

त्या दोघी सारवलेल्या जमिनीवर उकिडव्या बसल्या आहेत. समोर च आहे, म आहे, णी आहे. अक्का चिमणी खाली ठेवते आणि चिंचोके उचलते. आधी उभी रेघ, वरून खाली, एकाखाली एक. मग रेघेच्या माथ्यावरून वळण, च च्या डोक्यावरून अलगद नेऊन टेकवलेलं, जसा आईनं लेकीच्या डोक्यावरून पदर न्यावा. तिची बोटं काजळीनं काळी आहेत. ती एक चिंचोका ठेवते, राहीबाई एक ठेवते. लहानपणी असंच खेळत. शेवटचा अक्का ठेवते आणि त्यावर बोट दाबून धरते.

"आता पोरीला हे फसवणार न्हाई ना?" राहीबाई विचारते.

"फसवंल की. रोज फसवंल. पण शेजारी कुणी बसलेलं असलं की भ्या वाटत न्हाई." अक्का तिच्याकडं बघते. "ती पुण्याची बाई चुका ऐकून घेती म्हणं."

"ऐकती. मोबाईलमधी भरून घेती."

"माझी बी घेतली असती?"

"घेतली असती, अक्का."

अक्का मान हलवते, समाधान झाल्यासारखी. मग ती चिमणीकडं वाकते आणि गाल फुगवते.

"विझवू नको," राहीबाई म्हणते. "विझवू नको, अक्का, असू दे, मी हाय…"

गिरणीचा पट्टा थांबला आहे. तो थांबल्यामुळंच बहुतेक जाग आली. राहीबाईच्या तोंडाला कोरड पडली आहे आणि वाकळीची शिवण गालावर उमटली आहे. कवडसा केव्हाच भिंतीवर चढून गेलाय. आरू झोपली तशीच आहे, एक हात डोक्याखाली, एक पाय भिंतीला.

राहीबाई कोपरावर उठते आणि पायांकडं बघते.

कोरी जागा कोरी नाही. च च्या आधी उभी रेघ आहे, तिच्या माथ्यावरून वळण आलं आहे, च च्या डोक्यावरून गेलेलं. चिमणी पुरी झाली आहे.

ती हात लांब करते. म वरचे चिंचोके गार आहेत, णी वरचे गार आहेत. वेलांटीचे चिंचोके गरम आहेत. तिथलं ऊन सरून तर बराच वेळ झाला. ती शेवटच्या चिंचोक्यावरून बोट फिरवते आणि बोट नाकाशी आणते. टोक काळं झालं आहे. रॉकेलचा वास आहे. रेशनला रॉकेल यायचं बंद झालं त्याला कैक वर्षं झाली, आणि घरातली चिमणी तर तिनं स्वतः भंगारवाल्याला दिली होती.

 मग आरूच्या पायाला हात लावते. पाय गार आहे, घामेजलेला. ताप नाही.

"उठ गं."

आरू डोळे चोळत उठते, आणि तिचं लक्ष जमिनीकडं जातं. "आज्जी, हे कुणी मांडलं?"

"बघ की काय झालंय."

आरू रांगत जाते. वेलांटीवर बोट ठेवते, मग च वर, मग पुन्हा वेलांटीवर. कपाळाला आठी घालून ती म्हणते, "इचमणी." आणि लगेच आजीच्या तोंडाकडं बघते. काल हा शब्द ऐकून आजीचं तोंड कसं झालं होतं ते तिनं पाहिलंय. "चुकलं?"

राहीबाईला अंधारातला तो आवाज आठवतो. पण ती तोंड फिरवत नाही.

"जे आधी दिसलं ते आधी म्हणलंस," ती म्हणते. "आता मॅडमला ऐकव. त्यांस्नी हीच चूक पायजे."

"तू तर न्हाई म्हणाली हुतीस."

"म्हातारं माणूस काय बी म्हणतंय. तोंड धू. पाच वाजायच्या आत वऱ्हांड्यात पोचायचं हाय."

"तू बी बसणार माझ्याशेजारी?"

"बसेन की. पाय लांब करून बसेन, मॅडम रागावल्या तरी. मला बी तिथं अडतंय."

"तुला पण फसवतंय?" आरूचे डोळे मोठे होतात. ही बातमी तिला फारच आवडलेली दिसते.

ती तोंड धुऊन येते. राहीबाई तिच्या वेण्या घालते, घट्ट, दोन्ही नीट बांधते. उंबऱ्यापाशी मात्र ती थबकते आणि परत आत येते. वेलांटीच्या शेवटच्या चिंचोक्यावर बोट टेकवते, आणि तेच काळं बोट आरूच्या गालाला लावते. लहान लेकराला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तशी बारीक तीट.

"आज्जी! मी काय बाळ हाय? पोरं हसतील."

"हसू दे."

आरू गालाला हात लावून बघते. "कसलं काजळ गं हे? गरम लागतंय."

"घरचंच हाय," राहीबाई म्हणते. "जुनं."

ती दार ओढून घेणार असते. मग हात काढून घेते आणि दार सताड उघडं टाकून ओट्याच्या पायऱ्या उतरते, म्हणजे आत उजेड राहील.